अंगाची ठेवण आणि खेळाडूची दुखापत

कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा या नद्यांच्या काठी आपले सातारा व सांगली हे दोन जिल्हे वसले आहेत. या मुलखाला खेळाचे वेड जुने आहे. मारुतीच्या देवळाजवळ तालीम असलेली गावे इथे पुष्कळ. जत्रा आली की कुस्त्यांचे मैदान भरते. लहान पोरे रेवडीवर खेळतात, मोठे पैलवान मोठ्या इनामावर खेळतात. सारा गाव बघायला लोटतो.

या मातीने मोठे खेळाडू दिले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली ऑलिंपिकचे पदक घेऊन आले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम शर्यत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली तिरंदाजीत जगज्जेती झाली.

ही नावे आपल्याला पाठ असतात. पण गावात आणखी काही गडी असतात. त्यांची नावे कोणी घेत नाही. चांगला खेळत होता, पण गुडघा गेला. चांगली पळत होती, पण पाय दुखायला लागला आणि घरी बसली. लोक म्हणतात, "पोराला दृष्ट लागली." कोणी म्हणते, "नशिबातच नव्हते."

मंडळी, दुखापत आभाळातून पडत नाही. कधी कधी अपघात होतो, हे खरे. पण पुष्कळ दुखापती हळूहळू तयार होतात. आपण रोज कसे उभे राहतो, कसे वाकतो, कसे उचलतो, उडी मारून कसे उतरतो, यावर त्या अवलंबून असतात. म्हणून आज आपण अंगाच्या ठेवणीचा विचार करू.

अंगाची ठेवण म्हणजे काय?

आपण उभे असतो तेव्हा डोके, खांदे, कंबर, गुडघे आणि पावले एका विशिष्ट रीतीने असतात. बसलो की ती रीत बदलते. धावलो की पुन्हा बदलते. शरीराचे भाग एकमेकांवर कसे ठेवले आहेत, याला अंगाची ठेवण म्हणतात. कुस्तीत हिलाच पवित्रा म्हणतात.

ठेवण चांगली म्हणजे काठीसारखे ताठ राहणे, असे काही जण समजतात. तसे नाही. काठीसारखा ताठ माणूस एका धक्क्याने पडतो. चांगली ठेवण म्हणजे सांध्यांवर भार सरळ आणि सारखा पडेल अशी ठेवण. तिच्यात अंग सावध असते, पण ताठरलेले नसते.

खांब, दोर आणि बिजागरी

आपल्या शरीरात हाडे आहेत. दोन हाडे जिथे जुळतात तो सांधा. सांधा सुटू नये म्हणून हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे असतात. त्यांना बंध म्हणतात. हाडे हलवण्याचे काम मांसाचे स्नायू करतात. बोलताना आपण या सगळ्यालाच "शीर" म्हणतो. "शीर आखडली," "शीरेवर शीर चढली," असे म्हणतो. खरी शीर म्हणजे रक्त वाहणारी नळी. आखडतो तो स्नायू. ताणतो किंवा तुटतो तो स्नायू नाहीतर बंध.

लग्नाचा मांडव आठवा. मधला खांब उभा राहतो तो चारी बाजूंच्या दोरांमुळे. दोर सारखे ताणलेले असले की खांब वाऱ्यातही उभा राहतो. एका बाजूचा दोर ढिला पडला की खांब कलतो. मग दुसऱ्या बाजूच्या दोरावर सगळा ताण येतो. आपला पाठीचा कणा म्हणजे तो खांब. पोटाचे, पाठीचे आणि ढुंगणाचे स्नायू म्हणजे ते दोर. पैलवानाची छाती भरली, दंड फुगले, पण पोट आणि पाठ कच्ची राहिली, तर दोर एका बाजूचेच ताणले गेले असे समजावे.

आता दाराची बिजागरी आठवा. दार एकाच दिशेने उघडते आणि मिटते. ते वर-खाली पिळले तर काय होईल? बिजागरीचे स्क्रू उपटून येतील. आपला गुडघा बराचसा बिजागरीसारखा आहे. तो पुढे-मागे छान हलतो. आडवा वळण्याची त्याला सवय थोडी. पाऊल जमिनीत रुतलेले आणि वरचे अंग गरकन फिरले, तर पीळ गुडघ्यात बसतो. गुडघ्याच्या आत आडवे-उभे बंध आहेत. हाडावर हाड घासू नये म्हणून दोन मऊ गाद्या आहेत. पीळ बसला की यांपैकी काहीतरी फाटते.

एवढे ध्यानात आले की पुढचे सोपे आहे.

पैलवानाचा गुडघा

खाशाबा जाधव यांचा जन्म १९२६ साली झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. लहानग्या खाशाबाला घरातच कुस्तीचे धडे मिळाले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. तोवर ते मातीवर खेळलेले. तिथे गादीवर खेळावे लागले. चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. कराडला त्यांची बैलगाड्या जोडून मिरवणूक निघाली.

पुढचे ऑलिंपिक १९५६ साली मेलबर्नला होते. खाशाबांकडून तिथे आणखी मोठी आशा होती. पण त्याआधी गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि ती वाट बंद झाली. एवढा चपळ गडी, एवढी मेहनत. पण एका सांध्याने अडवले. १९५५ साली ते पोलीस खात्यात रुजू झाले होते. तिथे त्यांनी पुढे खेळाचे शिक्षकपण केले.

कुस्तीत गुडघा का सापडतो? एक तर पैलवानाचा पाय पकडला जातो आणि पिळला जातो. दुसरे म्हणजे डाव टाकताना सगळे अंग एका पावलावर फिरते. म्हणून पवित्र्याला महत्त्व आहे. चांगला वस्ताद डावाआधी पवित्रा शिकवतो. तो असा :

पावले खांद्यांइतकी लांब ठेवावीत. गुडघे थोडे वाकलेले असावेत. भार टाचेवर सोडू नये, चवड्याकडे ठेवावा. पाठ सरळ, कंबरेतून थोडे पुढे. मान खाली लोंबू नये. आणि मुख्य गोष्ट, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने असावा. तो आत पडू नये. वळायचे असेल तर पाऊल उचलून वळावे. पाऊल रोवून गुडघ्यातून वळू नये.

बैठका मारतानाही हेच पाहावे. हजार बैठका मारणाऱ्याचे कौतुक होते. पण चारशेनंतर गुडघे आत पडू लागले आणि पाठ वाकली, तर पुढच्या सहाशे बैठकांनी बळ कमी आणि झीज जास्त. ठेवण बिघडली की मोजणी थांबवावी.

कबड्डीत आणि खो-खोतही गुडघ्याला हाच धोका आहे. चढाई करणारा गडी एकदम वळतो. खो-खोतली मुलगी खांबाला गिरकी घेते. दोघांनीही वळताना कंबर खाली आणावी, गुडघे वाकवावेत, आणि एका मोठ्या पावलाऐवजी दोन-तीन लहान पावले टाकावीत.

ओझे उचलणाऱ्याचे कोपर आणि कंबर

सांगलीचा संकेत सरगर हा वजन उचलणारा खेळाडू. २०२२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात राष्ट्रकुल खेळ झाले. ५५ किलो गटात संकेत उतरला. पहिल्या प्रकारात त्याने ११३ किलो उचलले. दुसऱ्या प्रकारात १३५ किलो उचलले. एकूण झाले २४८ किलो. तो पुढे होता. मग त्याहून जास्त वजन डोक्यावर नेताना त्याच्या उजव्या कोपराला इजा झाली. तरी तो पुन्हा उचलायला आला. पण हाताने साथ दिली नाही. मलेशियाच्या खेळाडूचे एकूण झाले २४९ किलो. एका किलोने सुवर्ण गेले. रुपेरी पदकावर समाधान मानावे लागले. ते भारताचे त्या खेळांतले पहिले पदक होते.

संकेत हा वर्षानुवर्षे शिकलेला खेळाडू. त्याच्याही सांध्याला हे होऊ शकते. कारण वजन डोक्यावर असते तेव्हा ते मनगट, कोपर आणि खांदा यांतून खाली उतरते. हे तीन सांधे एका ओळीत असले तर हाडे भार घेतात. वजन जरा मागे किंवा बाजूला गेले तर तो भार बंधांवर येतो. बंध ताणायला क्षण पुरतो, बरा व्हायला महिने लागतात.

आता आपल्या शेताकडे या. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे वजन उचलायच्या शर्यतीत जातो? पण उसाची मोळी, सोयाबीनचे पोते, पाण्याची घागर हे वजनच आहे. आणि गावचा खेळाडू हा बहुधा शेतकऱ्याचा पोर. सकाळी तालीम, दुपारी पोती, संध्याकाळी पुन्हा मैदान. कंबर एकच आहे. तिला तालीम कोणती आणि शेत कोणते हे कळत नाही. ती सगळे ओझे मोजते.

पोते उचलताना असे करावे. पोत्याच्या अगदी जवळ जावे. पावले लांब ठेवावीत. कंबरेतून आणि गुडघ्यातून खाली जावे. पोते अंगाला चिकटवून धरावे. पोट आवळावे आणि पायांच्या जोराने उठावे. उठताना अंग पिळू नये. पोते बाजूला ठेवायचे असेल तर पावले टाकून वळावे. हात लांब करून, पाय न वाकवता, हिसका देऊन उचलले की उसण भरते. ओझे फार जड असेल तर दुसऱ्याला हाक मारावी. त्यात कमीपणा नाही.

तिरंदाजाचा खांदा

अदिती स्वामी ही सातारची मुलगी. ऑगस्ट २०२३ मध्ये जर्मनीच्या बर्लिन शहरात जागतिक तिरंदाजी स्पर्धा झाली. तिथे ती १७ वर्षांची असताना जगज्जेती झाली. साताऱ्यातच तिचा सराव झाला.

तिरंदाजीत धावपळ नाही, झोंबाझोंबी नाही. मग दुखापत कशी होणार? इथेच एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिरंदाज दिवसात शेकडो बाण सोडतो. प्रत्येक वेळी धनुष्य तसेच ओढायचे. खांदा कानाकडे उचलून, नुसत्या दंडाच्या जोरावर ओढले, तर खांद्यातला स्नायूबंध दर वेळी थोडा चिमटतो. एका वेळी काही कळत नाही. पण विहिरीच्या काठावरचा दगडही रोजच्या दोराने झिजतो. म्हणून तिरंदाजाला पहिल्या दिवसापासून शिकवतात : पावले घट्ट, कंबर सरळ, खांदे खाली, आणि ओढ पाठीच्या स्नायूंनी घ्यायची. नेम नंतर येतो, ठेवण आधी.

भालाफेक, गोळाफेक आणि क्रिकेटची गोलंदाजी यांतही हाच नियम आहे. हाताचा जोर पायांपासून सुरू होतो. पाय, कंबर, पाठ, खांदा, मग हात. मधली एक कडी आळशी झाली की पुढच्या कडीला दुप्पट राबावे लागते.

धावणाऱ्याची नडगी

आपल्या भागात पोलीस भरती आणि सैन्य भरती यांचे मोठे महत्त्व आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव तर सैनिकांचे गाव म्हणूनच प्रसिद्ध आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. एका नोकरीवर सगळ्या घराची आशा असते.

जाहिरात निघाली की पोरे पहाटे उठतात आणि डांबरी रस्त्यावर पळू लागतात. आदल्या महिन्यापर्यंत पळण्याची सवय नसते. पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर. पायात जुनी झिजलेली पादत्राणे. तीन आठवड्यांत नडगी दुखू लागते. पोर म्हणते, "पळून पळून मोकळी होईल." दुखणे वाढते. हाडाला बारीक तडा जातो. मग भरतीच्या दिवशी पोर लंगडते. वर्षाची मेहनत आणि घराची आशा दोन्ही जाते.

हाड हे जिवंत असते. भार पडला की ते अधिक घट्ट होते. पण त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून भरतीची तयारी जाहिरातीआधी सहा महिने सुरू करावी. आधी चालणे, मग थोडे पळणे आणि थोडे चालणे, मग पळणे. दर आठवड्याला थोडेच वाढवावे. आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. जमेल तेव्हा मातीच्या मैदानावर पळावे.

पळताना पाऊल फार पुढे टाकू नये. लांब ढांगेने टाच जोरात आपटते आणि धक्का गुडघ्यापर्यंत जातो. पाऊल अंगाच्या खाली पडावे. ढांगा जरा लहान, पण भरभर. अंग थोडे पुढे झुकलेले, नजर समोर, खांदे मोकळे, मुठी सैल.

ललिता बाबर माणसारख्या दुष्काळी तालुक्यात वाढली. आधी खो-खो खेळली, मग धावू लागली. तिची शर्यत अडथळ्यांची होती. ३००० मीटरच्या त्या शर्यतीत २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडावा लागतो आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. म्हणजे ३५ वेळा उडी आणि ३५ वेळा उतरणे. रिओला ती अंतिम शर्यतीत दहावी आली. दर वेळी एका पायावर उतरून लगेच पुढे पळायचे. उतरताना गुडघा आत पडला तर काय होईल, हे आता तुम्हाला सांगायला नको.

इथे मुलींच्या आईबापांना एक गोष्ट सांगतो. उडी मारणे आणि एकदम वळणे ज्या खेळांत असते, तिथे मुलींच्या गुडघ्याचा आतला बंध मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, असे जगभर दिसले आहे. म्हणून मुलींना खेळू देऊ नये, असा याचा अर्थ नाही. त्यांच्या मांड्या, ढुंगणाचे स्नायू आणि पोट बळकट करावे आणि उतरायची रीत शिकवावी. त्यांना पोटभर खाऊ घालावे. पळणारी मुलगी कमी जेवली आणि तिची पाळी बंद पडली, तर तिची हाडे कच्ची होतात. ही गोष्ट लाजून लपवू नये. डॉक्टरांना दाखवावी.

सगळा दोष ठेवणीचा नाही

आता एक सावधगिरीची गोष्ट. अंगाची ठेवण महत्त्वाची आहे. पण सगळ्या दुखापती तिच्यामुळेच होतात, असे नाही. सगळ्यांची शरीरे एका साच्यातली नसतात. कोणाचे पाऊल सपाट असते, कोणाची पाठ जरा पोकदार असते. तरी ते उत्तम खेळतात. म्हणून पोराला उठता-बसता "ताठ बस, ताठ बस" म्हणून टोचू नये. एकाच ठेवणीत तासन् तास राहणे हेच अंगाला जास्त बाधते. बसलेल्याने मधून मधून उठावे, एवढे पुरे.

दुखापतीला आणखी तीन मोठी कारणे आहेत. पहिले, भार एकदम वाढवणे. दुसरे, जुनी दुखापत पुरती बरी न होता खेळायला उतरणे. एकदा दुखावलेला सांधा पुन्हा दुखावण्याची शक्यता जास्त असते. तिसरे, थकवा आणि अपुरी झोप. थकलेल्या माणसाची ठेवण आपोआप बिघडते. सामन्याच्या शेवटी दमलेल्या गड्याने म्हणूनच जास्त जपावे.

तालमीतले जुने शहाणपण

आपल्या जुन्या तालमीची रीत पाहा. पैलवान आला की लगेच कुस्ती धरत नाही. आधी फावड्याने हौद्यातली माती खणतो. माती मऊ होते आणि अंग गरम होते. मग जोर, मग बैठका, मग लढत. माती मऊ असल्याने पडले तरी मार कमी लागतो. शेवटी अंग हळूहळू शांत करतात. हा क्रम उगाच पडलेला नाही.

सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा मोठा प्रसार केला. त्यांनी शाळांमधून मुलांना नमस्कार घालायला लावले. सूर्यनमस्कारात कणा पुढे वाकतो, मागे वाकतो, खांदे आणि ढुंगणाचे सांधे मोकळे होतात. सावकाश घातलेले बारा नमस्कार हे खेळाआधीचे चांगले अंग-गरम करणे आहे. घाईने आणि हिसक्याने घातले तर त्यात राम नाही.

आजच्या शास्त्रानेही हीच दिशा दाखवली आहे. नॉर्वे देशात फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. काही संघांतील मुलींनी खेळाआधी वीस मिनिटे ठरलेला व्यायाम केला. त्यात हळू पळणे, पोट-पाठ-मांड्यांचे व्यायाम, एका पायावर तोल आणि नीट उतरण्याचा सराव होता. या मुलींच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. खर्च काही नाही. यंत्र नाही. फक्त वीस मिनिटे आणि शिस्त.

आपल्या गावात आज संध्याकाळी एक परीक्षा घेऊन पाहा. पोराला एका पायावर उभे करा. त्याला गुडघा थोडा वाकवून हळू खाली जायला सांगा. समोरून बघा. गुडघा बोटांच्या ओळीत राहतो का? की आत पडतो? कंबर एका बाजूला कलते का? दोन्ही पायांवर पाहा. गुडघा आत पडत असेल तर घाबरू नका. रोज याच हालचालीचा सावकाश सराव करा, दहा-दहा वेळा. काही आठवड्यांत फरक दिसू लागेल.

दुखले तर काय करावे?

पाय मुरगळला, लचक भरली, सांधा सुजला, तर खेळ तिथेच थांबवावा. दुखऱ्या भागावर भार देऊ नये. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. बर्फ नसेल तर गार पाण्याची पट्टी ठेवावी. नंतर पट्टी बांधावी, पण बोटे निळी पडतील इतकी आवळू नये. पाय उशीवर उंच ठेवावा.

पहिले दोन-तीन दिवस तेल लावून चोळू नये. गरम शेक देऊ नये. चोळल्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. कोणी पाय धरून जोरात ओढत असेल तर त्याला ओढू देऊ नये. हाड मोडले असेल तर त्याने जास्त नुकसान होते.

पुढील खुणा दिसल्या तर लगेच दवाखान्यात जावे. पायावर चार पावलेही टाकता येत नाहीत. सांधा वाकडा दिसतो. इजा होताना "कट्" असा आवाज आला आणि तासा-दोन तासांत सांधा टम्म फुगला. गुडघा अडकतो, सरळच होत नाही. बोटांना मुंग्या येतात किंवा ती बधिर होतात. मान किंवा पाठीला मोठा मार लागला असेल तर माणसाला हलवू नये, उचलून बसवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी.

आठवडा झाला तरी दुखणे कमी होत नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे. बरे वाटू लागल्यावर पूर्ण पडूनही राहू नये. डॉक्टर सांगतील तसे हळूहळू हलवावे. न हलवलेला सांधा आखडतो आणि स्नायू वाळतो.

वस्ताद आणि आईबाप यांचे काम

पोर खेळते, पण निर्णय मोठी माणसे घेतात. जत्रेची कुस्ती ठरलेली असते. पोस्टरवर नाव छापलेले असते. पोराचा गुडघा दुखत असतो. गाव म्हणते, "गावाची अब्रू आहे, उतर." अशा वेळी वस्तादाने आणि बापाने ठाम राहावे. ही कुस्ती सोडली तर एक इनाम जाईल. गुडघा गेला तर पुढच्या सगळ्या कुस्त्या जातील आणि शेतातली कामेही अवघड होतील. पन्नाशीत चावडीची पायरी चढताना तोच गुडघा बोलतो.

आम्ही शाळेत असताना पुष्कळ मुलांना मैदानावर पाहिले. दुखते असे सांगणारे मूल भित्रे नसते. ते आपल्या अंगाचे ऐकत असते. त्याला हसू नये. जो मुलगा दुखणे लपवतो त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे. घरात, तालमीत असे वातावरण असावे की पोराने न घाबरता सांगावे, "वस्ताद, आज गुडघा दुखतोय."

ध्यानात ठेवा

१. गुडघा बोटांच्या ओळीत ठेवा. आत पडू देऊ नका.
२. वळताना पाऊल उचला. गुडघ्यातून पीळ देऊ नका.
३. ओझे अंगाजवळ धरा आणि पायांच्या जोराने उठा.
४. खेळाआधी अंग गरम करा. आठवड्याला थोडेच वाढवा.
५. ठेवण बिघडली की मोजणी थांबवा.
६. दुखले तर थांबा. लपवू नका. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका.
७. जुनी दुखापत पुरती बरी झाल्यावरच मैदानात उतरा.

वर्गात बोला

१. मांडवाचा खांब आणि आपला कणा यांत काय सारखे आहे?
२. पोते उचलायची योग्य रीत वर्गात करून दाखवा.
३. तुमच्या गावात दुखापतीमुळे खेळ सोडलेले कोणी आहे का? त्याला विचारा, दुखणे पहिल्यांदा कधी जाणवले आणि तेव्हा त्याने काय केले.
४. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला तुम्ही कोणत्या तीन गोष्टी सांगाल? त्या पाटीवर लिहा आणि वाचून दाखवा.